जादा ज

शाहपुऱ्यातल्या माझ्या घरी एक कपाट फक्त अनियतकालिकांचं आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी बंडखोर पोरांनी स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून काढलेले ते अंक. पैसे असतील तेव्हा निघायचे, नसतील तेव्हा बंद. रद्दीवाल्यांकडून, मेलेल्या लोकांच्या माळ्यांवरून मी ते जमवले. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पाकिटात.

गेल्या हिवाळ्यात मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात कोलार रोडचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. सरकारी नोकरीपायी नागपूरहून इथे हिंदी मुलखात आलेले आणि इथेच राहिलेले. बोलता बोलता कळलं की माझ्याकडच्या एका दुर्मीळ अंकात त्यांची कविता आहे. त्यांच्याकडे स्वतःची प्रत उरली नव्हती.

रविवारी मुलीला घेऊन ते आले. मी ऐटीत अंक काढला. त्यांनी तो पाकिटातून बाहेर काढला, वास घेतला आणि पान उलटलं.

"जपून हां काका," मी म्हणालो.

कविता सापडल्यावर ते हसले. "हे बघा. मी लिहिलं होतं, आम्ही आता भिणार नाही. स्टेन्सिल कापणाऱ्याने केलं, आम्ही आता भिजणार नाही. दोस्त लोक वर्षभर विचारायचे, छत्री आणली का?"

मुलगीही हसली. त्यांनी खिशातून पेन काढलं. "एवढा एक ज खोडतो."

मी अंक त्यांच्या हातातून हिसकावला. हिसकावलाच, दुसरा शब्द नाही. "काका, खराब होईल तो. याची दुसरी प्रत कुठेच नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. चहा आला, पिऊन झाला. मग मुलगी म्हणाली, "बाबा, चला. बस मिळायला उशीर होईल."

आठवडाभर मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी अंक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, समोर ठेवला. "काका, खोडा. आणि ठेवून घ्या तुमच्याकडेच."

त्यांनी पानावरून हात फिरवला, पण पेन काढलं नाही. "नको. त्या दिवशी लहर आली होती. आणि ठेवून काय करू? नातवंडं हिंदीच वाचतात. तुमच्याकडे नीट राहील."

"पण कविता तुमची आहे."

"होती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी मुलीला पोहे करायला सांगितलं आणि आग्रहाने खाऊ घातले.

परतताना स्कूटरवर, चुनाभट्टीच्या सिग्नलला थांबलो असताना, मला हलकं वाटत होतं. सुटल्यासारखं. अंक पिशवीत होता आणि त्यावर कुणाची रेघ नव्हती. हिसकावल्याची लाज मी अजून सांगू तरी शकतो. या हलकेपणाबद्दल बायकोलाही बोललेलो नाही.