देवपूजेआधी बंद केलेलं बटण

मैत्रिणींनो, सकाळचा गोंधळ आत्ता कुठे निस्तरलाय, म्हणून लिहितेय.

आज सकाळी आमच्या केतकीची नोकरीची मुलाखत होती. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच तिला प्रोग्राम लिहून दाखवायचा होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे, फुकट मिळतं म्हणून. त्याचं अपग्रेड लावून ती अंघोळीला गेली. स्क्रीन काळी दिसली, मला वाटलं उगाच वीज जळतेय. पूजेला बसण्याआधी सवयीने मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

अंघोळीहून आल्यावर केतकीने चालू केलं, तर स्क्रीन काळी ती काळीच.

"आई! अपग्रेड मध्येच तुटलं, स्क्रीनवर चित्र दाखवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अर्धवट बसलाय. आता काही दिसणारच नाही!"

मुलाखत तोंडावर आलेली. मी काळारामाचा धावा सुरू केला.

तिने कॉम्प्युटर परत चालू केला आणि सुरू होता होताच दिसणारा कसलासा मेनू उघडला. अपग्रेडच्या आधीची जुनी सिस्टिम त्यात तशीच जपलेली होती. ती निवडली आणि स्क्रीन उजळली!

मुलाखत संपल्यावर म्हणते, "जुनं जपलेलं आज कामी आलं, म्हणून तू साठवलेले रिकामे डबे टाकून दे, असं आता कधी म्हणणार नाही. पण बटणाला हात लावायचा नाही!"

त्या बटणावर मी चिकटपट्टी लावलीय. तुमच्या घरी आहे का असं एखादं बटण?