क्वांडरीचं शिखर आणि नीलाचं ‘येते’

उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरात करायची ठरली, तेव्हा मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. नंतर चौदा हजार फूट चढता येईल का? ते म्हणाले, चढाल कदाचित, उतरू नका. घरी येऊन मी जुलैअखेरचं डेन्व्हरचं तिकीट काढलं. साल २००६.

कोलोराडोत चौदा हजार फुटांपेक्षा उंच अशी पन्नासाहून अधिक शिखरं आहेत. त्यांतली बरीचशी एका दिवसात चढून उतरता येतात. दोर लागत नाही, दम लागतो. कॉलेजात असताना मी सह्याद्रीतले किल्ले पुष्कळ केले. इथे न्यू जर्सीत आल्यावर पूर्वेकडचे डोंगर झाले. चौदा हजारांचं एकही शिखर झालं नव्हतं, आणि आता राहिलं तर कायमचं राहणार होतं.

बरोबर माझी धाकटी जाऊ नीला आली, अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून. तिची मुलगी मीरा टेक्ससमध्ये डॅलसजवळ अर्विंगला सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती डॅलसहून आली. घरातल्या पुरुषांना विचारलं होतं. त्यांनी आम्हाला विमानतळावर सोडायची तयारी दाखवली.

डेन्व्हरला गाडी भाड्याने घेतली आणि पश्चिमेचा हायवे धरला. शहर संपलं की चढ सुरू होतो तो थांबतच नाही. भाड्याची लहान गाडी घेऊ नका; चढावर ट्रक आपल्याला मागे टाकतात. अकरा हजार फुटांवरच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत मागच्या सीटवरची वेफर्सची पाकिटं उशीसारखी फुगली होती. ब्रेकनरिजला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. हॉटेलपेक्षा ती स्वस्त पडते आणि पहाटे नाश्त्यासाठी कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. गाव साडेनऊ हजार फुटांवर आहे. इथे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही. नीलाने बॅगेतून कुकर आणला होता. विमानतळावर तो दोनदा उघडून बघितला गेला म्हणे.

“त्यांना काय सांगितलंस?” मी विचारलं.

“राइस म्हटलं. शिटी दाखवली. तो बाबा घाबरला.”

पहिल्या दिवशी काही करू नये. आम्हीही केलं नाही. पाणी प्यायलो, गावात हिंडलो, डोकं दुखलं की बसलो. दुसऱ्या दिवशी मोहॉक तलावांची वाट घेतली. मातीच्या रस्त्याने गाडी बरीच आत जाते. पुढे स्प्रूसचं दाट जंगल, मग धबधब्याच्या बाजूने खडी चढण. वाटेत जुन्या खाणकामगारांची मोडकी लाकडी खोपटी आहेत, त्यांत जाऊ नका. वरचा तलाव बारा हजारांच्या आसपास आहे. पाणी काळपट निळं, काठाला जुलैतही बर्फाचे तुकडे. दगडांच्या बेचक्यांत निळीपांढरी कोलंबाइनची फुलं होती. मीराने तीसेक फोटो काढले. मी एक बघितला, बरा होता.

काठावर तिखटमिठाच्या पुऱ्या खात बसलो होतो. शेजारच्या एका गृहस्थांनी हे काय म्हणून विचारलं. नीलाने लगेच दोन पुऱ्या पुढे केल्या.

“इज इट स्पायसी?”

“नो, नो,” नीला म्हणाली.

“येस,” मीरा म्हणाली.

गृहस्थांनी दोन्ही खाल्ल्या आणि पाणी मागितलं.

उतरताना माझा गुडघा बोलायला लागला. दोन्ही हातांत काठ्या होत्या म्हणून निभावलं. काठ्या घेतल्याशिवाय या वाटांवर जाऊ नये, वय काहीही असो. मधला एक दिवस सक्तीने विश्रांती घेतली, गुडघ्यावर बर्फ ठेवला. चौथ्या दिवशी क्वांडरी. पाचव्या दिवशी दुपारची परतीची विमानं होती, म्हणजे दुसरी संधी नव्हती.

क्वांडरी चौदा हजार दोनशे पासष्ट फूट आहे. पूर्वेकडची धार सोपी म्हणतात. सोपी याचा अर्थ वाट चुकत नाही, एवढाच. परवाना लागत नाही, गाडी रस्त्याच्या कडेला लावायची. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजा पडतात आणि झाडांची हद्द संपली की लपायला जागा नसते. म्हणून उजाडायच्या आत निघायचं आणि ढग जमायच्या आत खाली यायचं. मी आदल्या रात्री नियम सांगितला होता. अकराला जिथे असू तिथून परत.

बॅटरीच्या उजेडात जंगल पार केलं. झाडं खुजी झाली, मग संपली. पुढे नुसते दगड. मी पुढे, मीरा मध्ये, नीला मागे. मी दर चाळीस पावलांनी थांबून श्वास घेत होते. नीला दर वीस. झाडं संपल्यावर थोड्या वेळाने मीरा मला गाठायला धापा टाकत आली.

“काकू, आई येतेय. शी सेड, तुम्ही व्हा पुढे.”

“पाणी आहे ना तिच्याकडे?”

“हो. शी इज फाइन.”

आम्ही पुढे झालो. तेरा हजारांवर एक सपाट खांदा येतो. तिथून शेवटचा चढ समोर भिंतीसारखा उभा दिसतो. वाटेत पांढऱ्या रानबकऱ्यांचा कळप बसला होता. त्या हलल्या नाहीत, आम्हीच वळसा घातला. चढाला लागलो. मधूनमधून हात टेकावे लागत होते. डोकं हलकं झालं होतं, पण पावलं ठरल्यासारखी पडत होती. अर्ध्याहून अधिक चढ झाल्यावर मी बसले आणि खाली बघितलं. पूर्ण खांदा आणि त्यामागची धार तळहातासारखी दिसत होती. बरीच माणसं होती. नीलाचं नारिंगी जॅकेट कुठेच नव्हतं.

एक तरुण जोडपं खालून आलं. नारिंगी जॅकेटवाली, पन्नाशीची बाई भेटली का, असं मीराने विचारलं. नाही, म्हणाले. आम्ही अगदी पायथ्यापासून येतोय, नारिंगी कुणीच दिसलं नाही.

म्हणजे ती वर येत नव्हती आणि खाली गेली असती तर यांना भेटायला हवी होती. मीराचा चेहरा उतरला.

“आई तुला नेमकं काय म्हणाली? शब्द सांग.”

“शी सेड... ‘येते मी. वहिनींना सांग. तुम्ही व्हा पुढे.’”

“येतेय, की येते मी?”

“व्हॉट्स द डिफरन्स?”

मीराला दोष देण्यात अर्थ नव्हता. ती अटलांटाच्या उपनगरात वाढली. तिच्या लेखी येणं म्हणजे येणं. नीला मात्र बाजारात निघाली तरी ‘जाते’ म्हणत नाही. हा तिचा निरोप असू शकत होता, किंवा ती खरोखर मागून येत होती आणि कुठल्या तरी दगडाआड डोकं धरून बसली होती. दोन्ही शक्य होतं.

शिखर वर दिसत होतं. त्यावर उभी असलेली माणसंही दिसत होती. अर्ध्या तासाचं काम होतं. पश्चिमेला एक ढग होता, पण तो अजून पांढरा होता.

“काकू, तू जा. मी खाली जाते. तुझं हे लास्ट आहे, आय नो.”

मी मिनिटभर विचार केला. नीलाला उंचीचा त्रास झाला असेल तर एकीने तिच्याजवळ बसायला हवं आणि दुसरीने मदत आणायला जायला हवं. फोनला रेंज नव्हती. दोघी लागणार होत्या.

“ऊठ,” मी म्हटलं. “वाटेच्या दोन्ही बाजूंना बघत उतरायचं. तू डावीकडे बघ.”

उतरणं वाईट होतं. त्याचं वर्णन करत नाही. दगडामागून दगड बघत, हाका मारत आलो. मीरा दोनदा रडली आणि दोनदा तिने ते लपवलं. जंगलातही कुणी नाही.

रस्त्याकडेला आमच्या गाडीच्या सावलीत, मांडीवर घडी केलेलं नारिंगी जॅकेट ठेवून नीला संत्रं सोलत बसली होती.

“झालं पण?” तिने विचारलं. “फारच लवकर आलात.”

मीरा तिच्यासमोर उभी राहिली. “मॉम! यू सेड यू वेअर कमिंग!”

“मी सांगितलं ना तुला, येते म्हणून? डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. म्हटलं आपली ब्याद नको यांना. निघाले.”

“दॅट इज लिटरली द ऑपोझिट!”

“मग काय डोंगरावर उभं राहून जाते म्हणू?” नीला म्हणाली. “अभद्र कुठली.”

“आणि जॅकेट?” मी विचारलं.

“जंगलात उकडायला लागलं, काढलं.” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. “वहिनी, तुम्ही वर पोचलात ना?”

“नाही.”

संत्रं तिच्या हातात तसंच राहिलं. आम्ही गाडीत बसलो. गावात शिरताना पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले आणि शिखराच्या बाजूला गडगडलं. वर गेलो असतो तर सापडलो असतो, असं नीला म्हणाली. मी म्हटलं, नसतो सापडलो, तोवर निम्मं उतरून झालं असतं. खोटं समाधान मला नको होतं.

वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. घरच्या माणसांबरोबर उंचावर गेलात तर मागे फिरणाऱ्याने स्वतः पुढच्यापर्यंत येऊन तोंडावर सांगावं, किंवा पुढच्याने थांबावं. निरोप पाठवू नये.

मला विचारतात, वाईट वाटतं का. वाटतं. शिखर राहिलं आणि ते नीलामुळे राहिलं. हे मी तिला सांगितलं आहे, तिने ऐकून घेतलं आहे. खाली उतरण्याचा निर्णय चुकला असं मात्र वाटत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकत्र केल्याने कुणालाच बरं वाटत नाही.

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. नीला न बोलावता अल्फारेटाहून आली आणि महिनाभर राहिली. रोज दुपारी ती मला आमच्या रस्त्यावर चालवायची. आधी फाटकापर्यंत, मग शेजाऱ्यांच्या मेपलपर्यंत. एका दुपारी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं ठरलं. मेपलपाशी मी थांबले. पाय थरथरत होता आणि घाम आला होता.

“फिरूया का मागे, वहिनी? उद्या जाऊ.”

“नाही.”

तिने माझा वॉकर सरळ केला आणि अर्धं पाऊल मागे राहून चालू लागली. पेटीपाशी पोचल्यावर मी तिच्या पत्र्यावर हात ठेवला. उन्हाने तो तापला होता. दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो.