गुरुवारची गाडी

हळूमामाला सख्खी भाची एकच, दवाखान्यातली नर्स. पण ती ‘मामा’ म्हणते म्हणून सगळी वसाहत त्याला मामा म्हणू लागली. ‘हळू’ चिकटलं ते गाडी चालवण्यावरून. उभा जन्म लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर गेला, तेव्हा म्हणे वाऱ्यासारखा पळवायचा. भाचीने पुरुषांच्या आरोग्यमंडळासाठी जुनी बारा सीटांची गाडी मिळवून किल्ली त्याच्या हातात ठेवली, तेव्हापासून मात्र सायकलवालेसुद्धा घंटी वाजवत त्याच्या पुढे जायचे.

हे मंडळ निघालं कसं, तेही सांगतो. वसाहतीतली माणसं मूळची डोंगरातली, आदिवासी. डोंगर गेले, जंगल गेलं, शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून तोंडातली बोलीसुद्धा काढून घेतली. पुरुषांपाशी उरलं काय, तर पगाराच्या दिवशीची बाटली आणि ‘मला काय धाड भरलीय?’ हा मंत्र! दवाखान्यात जायचे ते कुणीतरी उचलून नेलं तरच. मामाचा थोरला भाऊ असाच गेला. छातीत दुखतंय ते पित्त आहे, पित्त आहे म्हणता म्हणता गेला. तेव्हा भाचीने डोळे पुसले आणि पदर खोचला. दर गुरुवारी दुपारनंतर जुन्या गोदामात पुरुषांनी जमायचं, रक्तदाब, साखर, डोळे तपासून घ्यायचे आणि मनातलं बोलायचं.

इथेच घोडं पेंड खात होतं. तिने हौसेने खुर्च्या गोल मांडल्या. सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून एकमेकांच्या चपला बघत बसले. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून ही माणसं कधी भांडलीसुद्धा नव्हती, मग रडणार कुठून? पण गोदामापर्यंत नेणाऱ्या मामाच्या गाडीत सगळ्यांची तोंडं पुढे. कोण ऐकतंय, कोण हसतंय, काही दिसत नाही. मग एखादा काचेकडे बघत उरल्यासुरल्या आपल्या बोलीत सुरू व्हायचा. मंडळातला रंगारी एकदा म्हणाला, “बाप गेला तेव्हा मी रडलो नाही. अजून अडकलंय ते.” मागून कुणीतरी नुसतं “हं” केलं. तेवढं पुरलं त्याला.

मामाने हे हेरलं आणि पाय ॲक्सिलेटरवरून काढला. सरळ रस्ता सोडून तो खाणीच्या वाटेने वळसा घालू लागला.

“मामा, चालत आले असते तर आधी पोचले असते रे!” भाची चिडली.

“पोचायची घाई तुला आहे. त्यांचं बोलणं कुठे संपलंय अजून?”

भाची शहाणी. तिने खुर्च्या भिंतीला लावल्या. म्हणाली, “बरं. बोलणं तुझ्या गाडीत, तपासणी माझ्याकडे.”

सगळ्यांची तपासणी झाली, राहिला एकटा मामा. “गाडीपाशी कोण थांबणार?” म्हणून तो कधी आत जायचाच नाही. खरी गोष्ट वेगळी होती. त्याच्या डाव्या डोळ्यासमोर कित्येक महिने धुकं साचत होतं. डाव्या बाजूची झाडं, दुकानं, माणसं हळूहळू पुसली जात होती. भाचीने डोळ्यात बॅटरी मारायचा अवकाश, किल्ली गेलीच म्हणून समजा. आणि किल्ली गेली की आपण कोण? ओट्यावर बसून माशा मारणारा एक म्हातारा! झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावून तो पाठ असलेल्या रस्त्यावर गाडी हाकत राहिला. दुसऱ्यांना तपासणीला नेणारा हा, आणि स्वतःचं असं! राग येतो, पण दयाही येते.

वसाहतीच्या टोकाला एक सुतार राहायचा, पूर्वी लाकडाचा ट्रकही चालवलेला. त्याचा तरणा मुलगा कामावर अपघातात गेला, तेव्हापासून रंधा कोपऱ्यात पडला आणि बाटली हातात आली. दर रविवारी मामा त्याच्या दारात जाऊन बसायचा. सुतार बोलायचा नाही, मामाही फारसं बोलायचा नाही. उठताना मात्र ठरलेलं वाक्य टाकायचा, “गुरुवारी वळणावर उभा राहा. मी गाडी थांबवतो.”

असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. शेवटी एकदा सुतार म्हणाला, “बघतो. येतो.” मामा घरी आला तो शीळ घालत.

गुरुवार उजाडला. उन्हासाठी गाडीचे डावीकडचे पडदे ओढलेले होते. मागे हमालाने सासऱ्याचा काहीतरी किस्सा काढला होता आणि सगळे खो खो हसत होते. वळण आलं, गेलं. मामाने पुढे जाऊन आरशात पाहिलं, रस्ता रिकामा वाटला.

“सुतार नाही आला?” रंगाऱ्याने विचारलं.

“नसेल यायचं त्याला,” मामा खट्टू होऊन म्हणाला. “हात धरून थोडंच आणता येतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची घरी आली. चहासुद्धा नको म्हणाली.

“सुताराची बायको आली होती. तो काल दाढी करून, धुतलेला शर्ट घालून वळणावर उभा होता म्हणे. त्याने हात केला आणि गाडी समोरून निघून गेली. घरी आला आणि बाटली काढली. सहा आठवडे शिवला नव्हता, मामा.”

मामाने हातातला कप खाली ठेवला.

“मंडळी म्हणतायत, तो उभाच नसेल,” भाची पुढे म्हणाली. “पिण्यासाठी निमित्त हवं होतं, म्हणून थाप मारतोय. मामा थांबला नाही असं होईल का, म्हणतात. तुला काय वाटतं?”

आता गप्प बसलं की सुटला. पिणाऱ्याच्या शब्दाला किंमत किती? मामाने फक्त मान हलवायची होती, किल्ली खिशात राहिली असती. मान हलली नाही. “मी बघून येतो,” म्हणत तो उठला.

गाडी त्याने अक्षरशः रांगत नेली. सुतार अंगणात बसला होता, डोळे लाल. मामाला पाहून त्याने तोंड फिरवलं.

“गाडीत येऊन बस,” मामा म्हणाला.

“कशाला? काल जागा नव्हती ना?”

“बस रे बाबा. तुझ्याकडे बघून मला नाही बोलता यायचं.”

सुतार काय समजला कोण जाणे, पण उठला आणि पुढे शेजारी येऊन बसला. समोर त्याच्याच घराची भिंत होती, पोपडे उडालेली. दोघं तिच्याकडे बघत राहिले. मामाने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. गाडी बंद होती तरी धरलं होतं.

“मला डाव्या डोळ्याने दिसत नाही,” तो बोलीत म्हणाला. “तू उभा होतास. मलाच दिसला नाहीस.”

सुतार म्हणाला, “मला वाटलं, मामानेसुद्धा सोडलं.”

तेव्हा मामा रडला. थोरल्या भावासाठी रडायचा राहिला होता, तोही सगळा हिशेब तिथेच फिटला. सुतार भिंतीकडेच बघत होता. त्याने फक्त “हं” केलं.

थोड्या वेळाने म्हणाला, “चला दवाखान्यात. आत्ता.”

“चल. तू घे गाडी.”

“मी? रात्रभर प्यायलोय मी!”

“आणि मी आंधळा!”

दोघंही एकदम हसत सुटले. सुताराची बायको घाबरून दारात आली. गाडी तिथेच उभी ठेवून दोघं पायी निघाले.

भाचीने डोळ्यात बॅटरी मारली आणि तोंड दाबून क्षणभर खिडकीकडे वळली. उजवा वाचेल म्हणाली, डाव्याला उशीर झाला. मामाने न मागता किल्ली टेबलावर ठेवली. “उभा होता गं हा,” तो म्हणाला. “सगळ्यांना सांग.”

भाचीने किल्ली सुतारापुढे सरकवली. त्याला ट्रक चालवता येतो हे तिला माहीत होतं. त्याने हात मागे घेतला.

“माझ्याकडे नको. मामांकडेच राहू दे. दर गुरुवारी त्यांनी माझं तोंड हुंगायचं, मगच द्यायची.”

तसंच ठरलं. आता दर गुरुवारी मामा दाराशी उभा राहतो, सुतार “हा” करतो, मामा नाक पुढे करतो आणि मंडळी पोट धरून हसतात. मग किल्ली मिळते.

एका गुरुवारी मात्र मामाने हुंगलं आणि किल्ली खिशातून काढलीच नाही. कुणी हसलं नाही, कुणी घरीही परत गेलं नाही. खाणीच्या वाटेने सगळे पायी निघाले. सुतार खाली मान घालून सर्वांत मागे रेंगाळला. मामा थांबला, मान पूर्ण वळवून त्याला शोधलं, आणि तो जवळ येईपर्यंत एक पाऊलही पुढे टाकलं नाही.