वीस हात भिंत

तौफीक हाजी चालायला तयार नव्हते. डाव्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं त्याला चार महिने होत आले होते. हाड छान जुळलं होतं, एक्स-रे बघून सर्जन खूश होते. पण हाजी वॉकर धरून जेमतेम सहा पावलं टाकायचे आणि सातव्याला चाकाच्या खुर्चीकडे हात करायचे. कुवेतच्या शर्क भागातल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये त्यांच्या वीसपैकी तेरा बैठका अशाच गेल्या.

त्यांचा व्यायाम घ्यायचं काम श्यामलाकडे होतं. ती औरंगाबादला शिकलेली, कुवेतला येऊन सात वर्षं झालेली. हट्टी पेशंट तिला नवे नव्हते. आरडाओरडा करणारे तर तिला आवडायचेच. रागात जोर असतो, तो युक्तीनं पायात उतरवता येतो, असा तिचा अनुभव होता. हाजी मात्र कधी रागवत नसत. गोड हसून म्हणायचे, "बस, दक्तूरा. बाकी उद्या." आपण डॉक्टर नाही हे तिनं त्यांना दहादा तरी सांगितलं असेल.

हाजींचं वय चौऱ्याऐंशी. तीस वर्षं त्यांनी शुवैखच्या बंदरावर भारतीय क्रेनवाल्यांबरोबर काढली होती, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मुनीरा, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, त्यांना कैफानच्या घरून सोमवारी आणि बुधवारी घेऊन यायची. वडिलांना वर सोडून ती गाडीला जागा शोधायला जाई आणि अर्धा तास काही परत येत नसे.

अशाच एका बुधवारी श्यामला त्यांचा पाय वाकवत होती. गप्पा मारल्या की दुखणं विसरतात, म्हणून तिनं सहज विचारलं, "हाजी, रोज बसमधून येताना मला शामियाचा दरवाजा दिसतो. रस्त्याच्या मधोमध नुसताच उभा. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही. असा कसा दरवाजा?"

हाजी छताकडे बघत होते.

"भिंत होती," ते म्हणाले. "मी पाडली."

श्यामलाला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. तिनं पाय अलगद खाली ठेवला.

मग हाजींनी सांगायला सुरुवात केली. त्यांचे वडील विशीत होते तेव्हा वाळवंटातून हल्ला येणार अशी बातमी आली. तेव्हाचं कुवेत म्हणजे समुद्रकाठचं लहानसं गाव. सगळं गाव कामाला लागलं. समुद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गावाला कवेत घेणारी, सहा किलोमीटरच्या वर लांब भिंत त्या एका उन्हाळ्यात उभी राहिली. कुणी माती कालवली, कुणी गाढवांवरून दगड आणले, बायकांनी पाणी पोचवलं. वडिलांच्या वाट्याला आणि त्यांच्या भावांच्या वाट्याला शामिया दरवाज्यापासून थोडं पश्चिमेचं काम आलं होतं.

"वीस हात," हाजी म्हणाले. "मी लहान असताना बाबा मला शुक्रवारी तिथं न्यायचे. भिंतीवर हात ठेवून सांगायचे, इथपासून इथपर्यंत आपली. दुसऱ्या कुणाची माती चांगली नाही, आपली बघ कशी धरलीय."

भिंतीच्या आतलं ते गाव आणि बाहेरचं ते वाळवंट. बाहेरचे बदू, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, लाकूडफाटा, लोणी, मेंढ्या घेऊन सकाळी दरवाज्यातून आत यायचे. सूर्य मावळायला आला की दरवाजे बंद. त्याआधी बाहेरच्यानं बाहेर आणि आतल्यानं आत. लहानग्या तौफीकला ते कळायचं नाही. तो वडिलांना विचारायचा, ही माणसं आपल्याकडे का राहत नाहीत? वडील म्हणायचे, मोठा झालास की कळेल.

तो मोठा झाला तेव्हा देशात तेलाचा पैसा आला होता. भिंतीबाहेर नव्या वसाहती आखल्या जात होत्या, मोटारी दरवाज्यात मावत नव्हत्या. भिंत पाडायचं ठरलं, फक्त दरवाजे ठेवायचे. सतरा वर्षांचा तौफीक नुकताच ट्रक चालवायला शिकला होता. कंत्राटदारानं त्याला बुलडोझरच्या मागे माती उचलायच्या कामावर घेतलं.

"मला फार आनंद झाला होता, दक्तूरा. एवढा मोठा ट्रक, आणि आत मी एकटा. मग एक दिवस आमचे वीस हात आले. वडील तिथे उभे होते. उन्हात. सकाळपासून दुपारपर्यंत. मी किती खेपा केल्या, प्रत्येक खेपेला ते तिथेच. एक शब्द बोलले नाहीत. दुपारी घरी गेले. त्यानंतर चौदा वर्षं जगले, पण भिंतीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही."

"आणि तुम्ही नंतर कधी गेला नाहीत तिथे?"

"गाडीतून जातो. पायानं नाही. कधीच नाही."

तेवढ्यात मुनीरा किल्ल्या वाजवत आत आली आणि हाजी पुन्हा गोड हसायला लागले. श्यामलाला त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

घरी आल्यावर तिनं हे जयदीपला, नवऱ्याला सांगितलं. तो अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. कांदा चिरता चिरता म्हणाला, "अगं, मग चालायला तिथेच ने की त्यांना."

"क्लिनिकचा नियम आहे. बैठक बाहेर घेता येत नाही."

"शुक्रवारी सुट्टी आहे ना तुला? आपणही जाऊ. आपल्या जुईलीला गवतावर पळता येईल."

सोमवारी तिनं हाजींना विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. बुधवारी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग ती वॉकरसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मी शिकायला होते ना, त्या औरंगाबादलाही असे दरवाजे आहेत. म्हणतात, बावन्न होते. भिंत बरीचशी गेली, दरवाजे राहिले. आमच्या हॉस्टेलजवळच एक होता. त्याच्यातून रिक्षा जायच्या, लग्नाच्या वराती जायच्या, आम्ही पाणीपुरी खाऊन यायचो."

"तुमची भिंत कुणी पाडली?"

"कुणास ठाऊक. पण ज्यानं पाडली तो साठ वर्षं रुसून बसला असेल असं नाही वाटत."

हाजी खो खो हसले. खोकला येईपर्यंत हसले. "शुक्रवारी," ते म्हणाले. "पण दहा पावलंच."

जानेवारीची सकाळ होती. कुवेतला वर्षातले जे काही थोडे दिवस देव माणसांसाठी राखून ठेवतो, त्यातल्या एका दिवसाची. जिथून भिंत गेली होती तिथे आता हिरवा पट्टा आहे: गवत, झाडं, फरसबंद वाट, पलीकडून धावणारा रस्ता. मुनीरानं शामिया दरवाज्याजवळ गाडी लावली. वडिलांना अचानक इथं का यायचंय हे तिला कळलं नव्हतं. मोकळ्या हवेत व्यायाम, एवढंच श्यामलानं सांगितलं होतं. जुईली आधीच बुटाची नाडी सोडून बसली होती. "मम्मा, इज धिस अ कासल?" तिनं दरवाज्याकडे बोट करून विचारलं.

"मराठीत विचार, मग सांगते," श्यामला म्हणाली आणि हाजींच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

पहिली दहा पावलं झाली. हाजी थांबले नाहीत. चौदा, पंधरा. ते जमिनीकडे न बघता दरवाज्यापासूनचं अंतर डोळ्यांनी मोजत होते. एकतिसाव्या पावलाला बाकडं आलं, तिथे श्यामलानं त्यांना सक्तीनं बसवलं. पाणी प्यायले, पुन्हा उठले. वॉकरची रबरी टोकं फरशीवर ठक् ठक् वाजत होती. जयदीप मागून रिकामी खुर्ची ढकलत येत होता. शेवटी एका जांभळ्या फुलांच्या वाफ्याशी हाजी उभे राहिले.

"मुनीरा, इकडे ये," ते म्हणाले.

अरबीत त्यांनी तिला सगळं सांगितलं. श्यामलाला अर्धंच समजलं, पण गोष्ट माहीत होती. वीस हात, ट्रक, उन्हात उभे असलेले वडील. सांगताना म्हाताऱ्याचे खांदे हलायला लागले, तशी तिनं त्यांच्या कमरेला बांधलेला आधाराचा पट्टा घट्ट धरला.

मुनीरा मात्र रडत नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली होती. "युबा," ती म्हणाली, म्हणजे बाबा, "थांबा. आजोबा दुपारी घरी आले, तो हाच दिवस?"

"हाच. का?"

"आजी मला सांगायची. आजोबा एकदा सकाळभर उन्हात उभे राहून आले, डोकं तापलं होतं, आजीनं ओलं फडकं ठेवलं. तिनं विचारलं, कुठे होतात? म्हणाले, पोराला ट्रक चालवताना बघत होतो. गावात कुणाच्या पोराला एवढी मोठी गाडी मागे घेता येत नाही. आपला घेतो, आरशात बघून, एका हातानं." मुनीरा आता वडिलांकडून शिकलेल्या हिंदीत बोलू लागली होती, श्यामलालाही कळावं म्हणून. "आजी ही गोष्ट शंभरदा सांगायची. पण भिंतीचं तिनं कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, बंदरावरची गोष्ट आहे."



"मला का नाही सांगितलं त्यांनी?" हाजी म्हणाले.

"तोंडावर कौतुक केलंय का त्यांनी कधी कुणाचं? आणि तुम्ही तरी मला आज सांगताय."

हाजींनी वॉकरवरचा एक हात काढला, डोळे पुसले, आणि तो हात परत ठेवायला जरा उशीर केला. श्यामलानं ते टिपलं. एका हाताच्या आधारावर ते क्षणभर सहज उभे होते.

"मुनीराची आई बाहेरची होती," ते श्यामलाकडे वळून म्हणाले. "जहराकडची बदू. तिचे वडील लाकूड घेऊन याच दरवाज्यातून यायचे. भिंत गेल्यावर सहा वर्षांनी आमचं लग्न झालं. बाबांनीच मागणी घातली होती." त्यांनी दरवाज्याकडे पाहिलं. "भिंत जाणं आणि हे लग्न, मी कधी एकत्र धरून बघितलंच नाही."

त्या दिवशी ते परतीची वाटही चालले. तीनदा बसले, एकदा चिडले, "धरू नका मला, मी काय पोतं आहे?" असं जयदीपवर ओरडले. श्यामलाला ते ओरडणं ऐकून फार बरं वाटलं. हेच तर तिला हवं होतं.

पुढचे सगळे शुक्रवार हाजी त्या पट्ट्यावर दिसत. फेब्रुवारीत वॉकर सुटला, काठी आली. विसाव्या बैठकीला ते लिफ्टमधून स्वतः बाहेर पडले आणि खुर्ची पुढे करणाऱ्या रिसेप्शनिस्टला म्हणाले, "ही दुसऱ्या कुणाला द्या."

त्यानंतर महिन्याभरानं मुनीरानं श्यामलाच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिच्या जुन्या शाळेतल्या मुलींसमोर हाजी उभे होते आणि भिंतीची गोष्ट सांगत होते. कशी बांधली, कशी पाडली, दोन्ही. एका मुलीनं विचारलं, पाडताना वाईट वाटलं का? हाजी म्हणाले, "पाडताना नाही, नंतर. पण पोरी, ती असती तर तुमच्यातल्या अर्ध्याजणींना संध्याकाळ व्हायच्या आत भिंतीबाहेर घरी पाठवावं लागलं असतं." मुली हसल्या. कॅमेऱ्यामागे मुनीराही हसली असावी, कारण चित्र हललं.

श्यामलानं व्हिडिओ स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्या दोनदा पाहिला. मग मुनीराला फोन लावला.

"फार छान. चौदा मिनिटं उभे होते, मी मोजली," ती म्हणाली. "फक्त त्यांना सांगा, सगळं वजन उजव्या पायावर टाकतायत. डाव्यावरही विश्वास ठेवा म्हणावं."