सात नंबरची घंटा

मंडळी, आधीच सांगून टाकतो... भूत, करणी, शकुन-अपशकुन असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. शिरूर अनंतपाळला मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. मांजर आडवं गेलं तर मीही गाडी थांबवतो, पण ते चाकाखाली येऊ नये म्हणून. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी आजवर नुसता हसत आलो. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची.

गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. माझे बाबाराव मामा अर्धापूरचे, केळीवाले. जन्मभर घड उचलून उचलून त्यांना हर्निया झाला. नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच. ऑपरेशन दुपारी दोनला, म्हणून मामा आदल्या रात्रीपासून उपाशी. उपाशी मामा म्हणजे काय चीज असते ते मामीला विचारा. सोबतीला मामी आणि मी होतो.

वॉर्डात आठ खाटा, चार इकडे, चार तिकडे, समोरासमोर. मामांना सात नंबर मिळाला. सिस्टरच्या टेबलामागे भिंतीवर एक पांढरी पेटी होती. तिच्यावर एक ते आठ आकडे आणि प्रत्येकाखाली लाल दिवा. पेशंटने उशाजवळचं बटण दाबलं की दिवा लागून घंटा वाजायची, अशी सोय. मी लगेच बटण दाबून पाहिलं (शिक्षकाची खोड). काही वाजलं नाही.

"सर, त्याला वायरच न्हाई," सिस्टर म्हणाली. "उद्घाटनाच्या वेळी नुसती लावून ठेवली. काही लागलं तर हाक मारा."

सुरेखा सिस्टर, देगलूरकडची पोरगी. तीन माणसांचं काम एकटी करत होती. नावं लक्षात ठेवायला तिला सवड कुठली... तिच्यासाठी माणूस म्हणजे खाट. "सात नंबर, बीपी. दोन नंबर, इंजेक्शन." सगळा कारभार असाच चालला होता.

आता सात नंबरवर मामांचे पाय दक्षिणेकडे येत होते. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून आपल्यात जिवंत माणूस झोपत नाही. घरच्यांपैकी कोणाच्या तरी हे ध्यानात आलं. समोरच्या दोन नंबरवर हिमायतनगरचे गफूरचाचा होते. शिलाईचा धंदा, शुगरचा जुना आजार, पायाला जखम. त्यांना विचारलं तर ते एका पायावर तयार झाले, म्हणजे चांगल्या पायावर. "मला काय, तिकडं पंखा हाय," म्हणाले. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेली होती, तेवढ्यात अदलाबदल झाली. तिला सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. अकराच्या सुमारास ऑपरेशनआधी केस काढायला ड्रेसर आला आणि त्याने सात नंबरचं, म्हणजे गफूरचाचांचं पोट सफाचट भादरून टाकलं. चाचा बिचारे गप्प पडून राहिले. नंतर म्हणाले, "मी समजलो, शुगरची नवी टेस्ट निघाली असंल."

इथवर हसण्यासारखंच होतं. पण साडेअकराला सिस्टर आली आणि तिने दोन नंबरला जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं. दोन नंबरवर मामा. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. मामांना वाटलं ऑपरेशनची सुई असेल. मी शेजारीच उभा होतो. कसलं इंजेक्शन, एवढं विचारायचं... तेही विचारलं नाही. उलट तिच्या वाटेत नको म्हणून बाजूला सरकलो.

मामांचा डोळा लागला. उपाशी माणूस, झोपला तर बरंच, असं म्हणून मामी आणि मी निवांत बसलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल...

टर्रर्रर्र.

पेटीवर सात नंबरचा लाल दिवा लागला होता. सिस्टरच्या हातातलं पेन पडलं. तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग सात नंबरच्या केस पेपरवरचं नाव वाचलं आणि ती धावत तिकडे गेली.

"काय झालं बाबारावकाका?"

"बाबाराव समोर हायत," चाचा म्हणाले. "मी गफूर. मी तर बटनाला हातबी लावला न्हाई."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती वळली आणि मामांच्या अंगावरची चादर ओढली. मामा घामाने निथळत होते, हाक मारली तरी ओ देत नव्हते. मामीने त्यांचे तळपाय धरले आणि ती देवाचं नाव घ्यायला लागली. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, मामा गेले. सिस्टरने मात्र एका दमात शीर शोधली, ग्लुकोज चढवलं, डॉक्टरांना बोलावलं आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, इन्सुलिन मी दिलं. चाचांचं होतं. नाव न्हाई विचारलं मी."

काही मिनिटांनी मामांनी डोळे उघडले आणि जेवायला मागितलं. मामी तेव्हा रडली.

मग हॉस्पिटलचे मालक, मोठे डॉक्टर आले. "घाबरू नका. उपाशीपोटी टेन्शनमुळे चक्कर आली," ते म्हणाले.

टर्रर्रर्र.

मी उठलो. वॉर्डाच्या दरवाजाशी रुग्णांच्या हक्कांचा फलक होता, अर्धा कॅलेंडरखाली. मी कॅलेंडर काढलं आणि वर्गात वाचतो तसा फलक खणखणीत वाचला. काय उपचार केले ते कळण्याचा हक्क, कागदपत्रांची प्रत मिळण्याचा हक्क. म्हटलं, केस पेपर द्या.

"केस पेपर रेकॉर्ड रूमला गेला."

टर्रर्रर्र.

"डॉक्टरसाब," मामी म्हणाली, "तो काय, टेबलावर हाय."

डॉक्टरांनी चिडून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने पेटी भिंतीवरून उतरवून उघडली. "साहेब, आत काहीच न्हाई. ना वायर, ना सेल. पालीची दोन अंडी हायत." पेटी त्याने टेबलावर ठेवली. ठेवताना त्याने स्वतःचा हात पँटला पुसला.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "सिस्टरकडून चूक झाली. तिला आजच्या आज काढतो." सुरेखा सिस्टर भिंतीला टेकून उभी राहिली. घरी आई आणि शिकणाऱ्या दोन बहिणी, सगळं हिच्या पगारावर, हे तिने सकाळीच मामीला सांगितलं होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले. "पण सात नंबरचा पेशंट दोनवर गेला कसा?"

मला वाटलं, खरं सांगितलं तर सगळं आमच्यावरच शेकेल. मी म्हणालो, "तुमच्याच माणसांनी हलवलं."

टर्रर्रर्र.

"म्हणजे... मामीने हट्ट धरला."

या वेळी घंटा वाजायला लागली ती थांबेचना. मामी माझ्याकडे अशी बघत होती की पेटीची गरज नव्हती.

मंडळी, मगाशी 'कोणाच्या तरी ध्यानात आलं' असं लिहिलं ना... तो कोणीतरी मीच. दक्षिणेकडे पाय नकोत, खाट बदलू, हे मी म्हणालो. विज्ञानाच्या शिक्षकाने. शरमेने मान खाली घालून मी ते सांगितलं. घंटा थांबली.

"बघा," डॉक्टर उसळले, "म्हणजे चूक सगळी तुमचीच."

टर्रर्रर्र.

डॉक्टर खुर्चीत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मनगटाला नावाच्या पट्ट्या बांधायला हव्यात. गठ्ठा कपाटात पडून आहे. आणि दोन वॉर्डांना एकच सिस्टर ठेवली, ती मीच." पेटी वाजली नाही.

तेव्हा मामा खाटेवरून बोलले. "मग हेच लिवून द्या साहेब, सहीनिशी. आमच्या मास्तराचंबी लिवा. अन् त्या पोरीला काढू नका. पहिलं खरं ती बोलली. तिच्या बोलण्यावर घंटा एकदाबी वाजली न्हाई."

"नाही काढणार," डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळ्यांनी, अगदी चाचांनीही, माना वळवून पेटीकडे पाहिलं. ती गप्प होती. सुरेखा सिस्टरने तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली आणि मामीने तिला जवळ बसवलं.

डॉक्टरांनी लिहून दिलं. मामांचं ऑपरेशन दोन दिवसांनी तिथेच झालं. मी म्हणत होतो, दुसरीकडे जाऊ. मामी म्हणाली, "इथं निदान खोटं बोलता येत न्हाई." मामांच्या मनगटावर पट्टी होती, तरी सिस्टर दर सुईआधी त्यांना नाव विचारायची. मामा बापाचं नाव, गाव, केळीची जातसुद्धा सांगायचे.

मी खूप डोकं लावलं. कुठून करंट उतरला म्हणावं, तर तारा नव्हत्या. पालीचं काम म्हणावं, तर अंडी घंटा वाजवत नाहीत. उत्तर सापडलं नाही, आजही नाही.

डिस्चार्जच्या दिवशी मामीने ती पेटी मागून घेतली. डॉक्टरांनी आनंदाने दिली. आता ती अर्धापूरला मामांच्या ओसरीत टांगलेली आहे. तिथे ती एकदाही वाजलेली नाही. खरंच वाजते का, हे तपासायला साधा प्रयोग पुरे... तिच्यासमोर बसून कोणीतरी खोटं बोलायचं. पण आमच्या घरात ती हिंमत अजून कोणाची झालेली नाही. मी तर अर्धापूरला गेलो की शाळेचा विषयच काढत नाही. न जाणो, मामी पेटीसमोरच विचारायची, "दत्ता, पोरांना अजून सांगतोस का, तुझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई म्हणून?"