वसंताच्या उंचीचा माइक

वसंता गेल्याचा फोन वहिनींनीच केला. "भावजी, तुमचा मित्र गेला," एवढंच म्हणाल्या. पुढे फरीदाबादच्या आमच्या मंडळात शोकसभा झाली. तिथे कुणीतरी म्हणालं, "स्वरयंत्र काढल्यावर वसंतरावांनी स्वतःहून माइक सोडला." मी मान डोलावली... ते खरं नव्हतं.

गणपतीतलं निवेदन कित्येक वर्षं वसंताचंच. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलं, गळ्यापाशी श्वासासाठी छिद्र राहिलं आणि आत एक छोटी झडप बसवली. छिद्रावर बोट ठेवलं की आवाज निघायचा, पण घशात पाणी भरल्यासारखा. दिल्लीच्या हॉस्पिटलात मी सोबत जायचो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची त्याची जुनी सवय. तो बोट जोरात दाबायचा आणि आवाज आणखी घुसमटायचा. तिथली वाचा शिकवणारी मुलगी हसून म्हणायची, "अंकल, भाषण नहीं, बातचीत. उँगली हल्की रखिए." हळूहळू त्याला ते जमलं. तीन-चार शब्द, मग श्वास, पुन्हा शब्द. आवाज कोरडा, स्पष्ट होत गेला. मला मात्र धीर नसायचा. त्याची वाक्यं मीच पुरी करायचो. एकदा वैतागून म्हणाला, "दिन्या... माझं वाक्य... मला संपवू दे, यार!"

त्या वर्षी गणपतीत त्याने पुन्हा निवेदन करायचं ठरवलं. एक हात गळ्याशी, दुसऱ्यात कागद, म्हणून दिल्लीहून माइकचा स्टँड आणला, स्वतःच्या उंचीला लावला. तो बुटका, मी ताडमाड. "नमस्कार मंडळी... आज आपल्याकडे..." हॉल एकदम गप्प झाला. ती शांतता मला सोसवेना. मी पुढे झालो, "वसंता, तू बस. मी सांगतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं बोट गळ्यावरून निसटलं. तो काहीतरी म्हणाला, पण नुसती हवा आली... मग त्याने कागद माझ्या हातात दिला. पुन्हा कधी माइक मागितला नाही.

मी दया केली, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं तर मला त्याच्या त्या आवाजाची लाज वाटली होती. मागच्या रांगेत मुद्दाम बसलेल्या वहिनी घरी जाताना म्हणाल्या, "मागे सगळं नीट ऐकू येत होतं हो, भावजी."

शोकसभेत मला बोलायला बोलावलं. त्या दिवसापासून आम्ही सगळे माइक काढून हातात घेऊनच बोलायचो, त्यामुळे स्टँड अजून वसंताच्याच उंचीवर होता. कुणीतरी स्क्रू सैल करायला धावलं. "राहू दे," म्हणून मी वाकून बोललो. पुष्कळ बोललो, पण हे नाही. यंदा गणपतीत आरतीआधी हे लिहिलेलं त्याच माइकपुढे वाचणार आहे. तोवर स्टँडची उंची कुणी बदलू नये.