इकडे सगळे मजेत

त्या वर्षी चारकोपमध्ये घरोघरी कावीळ होती. सेक्टरमधली घरं नवी, पाइपही नवे, पण कुठेतरी गटाराचं पाणी नळात मिसळत होतं आणि कुठे ते कुणाला सापडत नव्हतं. आम्ही पाणी उकळायचो, गाळायचो, परत उकळायचो. स्टोव्हला पंप मारून मारून माझा खांदा धरला होता. शेजारी कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरी येऊन आरशात आपले बघायचे. पुढे पुढे तेही सोडलं. व्हायची असेल तर होईल.

दादा आखातात होता. बाबांची गिरणी संपात बंद पडली, दादा तिकडे करारावर फिटर म्हणून लागला, आणि पाठोपाठ बाबा गेले. पुढे सुट्टीवर येऊन दादाने लग्न केलं आणि महिन्याभरात परत गेला. वहिनीला दिवस गेल्याचं त्याला तिकडेच कळलं, कॅसेटवर.

कॅसेट म्हणजे आमचं पत्र. सेक्टरमध्ये फोन एकाच घरी, तोही बहुतेक वेळा बंद. पत्राला लागायचे आठवडे. मालाडचे एक गृहस्थ दादाच्या कॅम्पमध्ये होते. ते किंवा त्यांच्या ओळखीचं कुणी निघालं की त्यांच्या घरी लोणचं आणि कॅसेट पोचवायची. दादानेच पाठवलेला टेप मधे ठेवून आम्ही गोल बसायचो. आई टेपच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन ओरडायची.

"जेवलंस रे?" विचारायची आणि थांबायची. त्याला उत्तर द्यायला वेळ नको?

"आई, तो आत्ता ऐकत नाहीये गं."

"गप रव. तू मधे बोलू नको, तेचा उत्तर ऱ्हवान जातला."

आणि खरंच, दादाच्या कॅसेटवर पहिलं वाक्य असायचं, "हो आई, जेवलो."

ह्या कॅसेटचा एक नियम होता. कुणी सांगितला नव्हता, पण सगळे पाळायचे. वाईट काही भरायचं नाही. बाबांचं आजारपणही आम्ही त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. इकडे सगळे मजेत.

वहिनीला सातव्या महिन्यात कावीळ झाली. आईने चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुवून घेतले. पाणी पिवळं झालं तसं आईला बरं वाटलं, उतरली म्हणाली. डॉक्टर म्हणाले, पोटुशी बाई आहे, अशात कावीळ वाईट, अॅडमिट करा. आई म्हणाली, आधी आरेतल्या पाड्यावरचं औषध आणते, मग बघू. दादाला कळवायचं का, मी विचारलं.

"तेका सांगून काय होतला? थंय बसान रडतलो. येवक रजा तर गावची नाय."

आई बसने आरेला गेली त्या दुपारी वहिनी भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे. एरवी माझ्याशी बोलताना पदर सावरणारी ती मला म्हणाली, "भावोजी, टेप लावा ना. आई यायच्या आत."

मी बटण दाबलं आणि बाहेर जायला निघालो. "बसा," ती म्हणाली, "मला ते लाल बटण कळत नाही."

मग ती बोलली. हळू, घाईने. "अहो, मला कावीळ झालीये. इथे कुणी सांगणार नाही तुम्हाला. मला फार भीती वाटतेय. करार राहू दे. तुम्ही या." एवढंच. नंतर तीही आईसारखी थांबली. टेप फिरत राहिला. मी बंद केला.

"आजच पोचवता ना?"

"आजच."

मालाडला निघण्यापूर्वी मी ती कॅसेट परत ऐकली. आता लिहूनच टाकतो, कारण हे आजवर मी स्वतःशीही अर्धंच बोललो आहे. दादाची काळजी वाटली म्हणून मी ते केलं असं मी मनाशी म्हणत आलो. वाटली होतीही. पण दादाने तिकडे साहेबाकडे माझ्या व्हिसाचा शब्द टाकला होता. तो करार मोडून आला असता तर त्याची नोकरी गेली असती आणि माझी वाटच लागली असती. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो. स्टोव्हला पंप मारत होतो. कंटाळलो होतो.

मी टेप मागे घेतला आणि तिच्या आवाजावर माझा आवाज भरला. मॅचमध्ये कोण किती खेळलं, गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, आणि वहिनी जरा झोपलीये, मजेत आहे. मग पायी मालाडला गेलो.

"पोचली ना कॅसेट?" वहिनीने विचारलं.

"पोचली."

ते खोटं नव्हतं.

ती वाट बघू लागली. गल्लीत टॅक्सी वळली की मान वर करायची. आईचं औषध झालं, मग हॉस्पिटल झालं. मूल दिवस भरायच्या आधीच झालं आणि राहिलं नाही. वहिनी वाचली. दादाची पुढची कॅसेट आली, तिच्यात तो मॅचबद्दल बोलत होता. ती सगळी ऐकून वहिनी उठून आत गेली. दुसऱ्यांदा तिने त्याला बोलावलं नाही.

करार संपवून दादा आला. तेव्हाच त्याने सगळं ऐकलं. "मला कळलंच नाही गं," तिला म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा अर्थ घरात मला एकट्याला कळला.

वर्षभरात मीही आखातात गेलो. कॅम्पमध्ये सगळ्यांच्या कॅसेट लागायच्या, सगळ्यांची घरं मजेत असायची, आणि आम्ही एकमेकांकडे न बघता ऐकायचो. आईने माझ्या उत्तरासाठीही जागा सोडलेली असायची. तेवढा भाग मी पुढे पळवायचो.

दादा-वहिनीला पुढे दोन मुलं झाली. संसार झाला. भांडले नाहीत कधी. पण दादा काही सांगू लागला की वहिनी "असेल" म्हणायची. त्याच्या प्रत्येक गोष्टीला "असेल."

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. दादा बाहेर टीव्हीपुढे. वहिनी ओट्यापाशी भाजी चिरत होती. मी कॅसेटचं सांगितलं. कसं ते आठवत नाही, वाक्यं नीट जुळली नव्हती. तिने विळी आडवी केली आणि स्टुलावर बसली.

मग म्हणाली, "मी त्यांना आजवर खोटारडा समजत आले, भावोजी."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं?" तिने तोंडावर हात धरला. हसते की काय असं वाटलं. "मग आता माफी कुणी मागायची त्यांची? तुम्ही, का मी?"

बाहेरून दादा ओरडला, "काय कुजबुज चाललीये रे आत? चहा टाकलाय की नाही?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.